पाण्यावर जे बोललो

पनवेल,
शुक्रवार, दि. २१ नोव्हेंबर २०२५
मार्गशीर्ष शु. १, शके १९४७

चि. गं. भा. भीमा हिस,

महादेवाचे आशीर्वाद. वडीलधाऱ्याने पत्राचा आरंभ आशीर्वादाने करावा, या रीतीस अनुसरून ते लिहिले आहेत. ते तू घ्यावेस असा माझा आग्रह नाही.

इकडील मंडळी सुखरूप आहेत. माझ्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया श्रावणात झाली, त्यामुळे पोथीचे बारीक अक्षर पुन्हा दिसू लागले. गुडघे मात्र देवळाच्या पायऱ्या नको म्हणतात. खांदा कॉलनीतील मंदिरात माझे प्रवचन अजून चालते. श्रोते कमी झाले, खुर्च्या वाढल्या. सूनबाई नीता सकाळच्या शाळेत शिकवते. तुझी नात मनस्वी पनवेलच्या महाविद्यालयात जाते, हे दीपेशकडून समजले. ती मुलगी रोज माझ्या घरापासून दोन मैलांवर उतरते आणि मी तिला चेहऱ्याने ओळखत नाही, ही गोष्ट मी या आठवड्यात अनेकदा मनात म्हणून पाहिली.

रविवारी दीपेश तुझ्याकडे येऊन गेला. मला न विचारता गेला होता. तू त्याला दोनदा वाढलेस, त्याच्या लहानपणच्या खोड्या आठवून हसलीस, आणि घराच्या हक्कसोडपत्रावर सही करायला तयार झालीस, असे त्याने येऊन सांगितले. तुझी अटही सांगितली. शब्द त्याने जसेच्या तसे आणले: "तुझ्या बापाला सांग, तेराव्याच्या दिवशी पान्यावर काय बोलला ता मराठीत लिवून दे. मंग सही घे."

त्याला आज पाच दिवस झाले. दीपेश रोज संध्याकाळी कळंबोलीहून आला की चपला काढायच्या आधी विचारतो. परवा म्हणाला, "बाबा, तुम्ही रोज दोन तास टिपणं लिहिता. आत्याला एक पान हवंय. त्याला एवढं काय लागतं?" नीता कधी उलट बोलत नाही. ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "देवघरात बसून लिहा. तिथं तुम्हाला खोटं लिहिता येणार नाही." या घरात ती माझ्याशी असे प्रथमच बोलली.

ते पान मी लिहिणार आहे. परंतु हे प्रकरण तुझ्या दारापर्यंत कसे आले, ते आधी क्रमाने सांगतो. क्रमाने सांगण्याची मला सवय आहे, आणि आज त्या सवयीच्या आडून मी वेळ काढतो आहे, हे तू ओळखशीलच.

दीपेशने बारा वर्षे दुसऱ्याच्या पेढीवर लोखंडाचे वजन लिहिले. यंदा त्याला बाजारात स्वतःचा गाळा मिळत होता. बँकेने त्यासाठी घर गहाण मागितले. घर मी बांधलेले, जमीन बाबांची. मी आनंदाने हो म्हणालो. मुलाच्या संसारासाठी बापाचे घर उभे राहिले तर त्यात गैर काय, असे मला वाटले. पुढे व्यवस्थापकांनी सांगितले की, जमिनीच्या मालकीचे कागद वकिलाकडून तपासून घ्यावे लागतील. मी कमलाकरचे नाव सुचवले. तो माझा विद्यार्थी, वीस वर्षे पनवेलच्या न्यायालयात आहे, आणि अजूनही रस्त्यात वाकून नमस्कार करतो. व्यवस्थापक म्हणाले, कमलाकर चालणार नाही. बँकेच्या पॅनेलवर ज्यांची नावे आहेत त्यांच्यापैकीच वकील हवा. त्यांनी तीन नावांचा कागद पुढे केला. शुल्क आम्हीच भरायचे होते.

"फी आपली आणि वकील त्यांचा," दीपेश बाहेर येऊन म्हणाला. "उद्या नवरी पण बँकच पसंत करेल."

मीही रिक्षात बसेपर्यंत बँकेला दूषणे देत होतो. त्याला मी संताप समजत होतो. भीमा, ती भीती होती. कमलाकरने "सर, तुमच्या शब्दापुढे कागद कशाला" असे म्हणून अर्ध्या घटकेत अहवाल लिहून दिला असता. त्याने मला काहीही विचारले नसते. तीस वर्षे मला कोणी काही विचारले नव्हते, आणि मी अशाच माणसांच्या संगतीत राहत आलो.

त्या तीन नावांपैकी एक रंजिता. तू तिला पाहिले आहेस. एसटी स्थानकामागे, चष्म्याच्या दुकानावर तिचे कार्यालय आहे. मुलगी आपल्याच समाजातली, वय पस्तिसाच्या आतबाहेर. बसल्याबरोबर तिने सांगितले, "काका, एक आधीच स्पष्ट करते. पैसे तुम्ही भरताय, पण मी तुमची वकील नाही. मी बँकेची. माझा अहवाल बँकेला जाणार. तुमचं काही अडलं तर तुम्ही तुमचा स्वतःचा वकील बघा." मला तो उद्धटपणा वाटला. मी दीपेशकडे पाहिले. आपल्या घरातील मुली वडीलधाऱ्यांशी अशा बोलत नाहीत, असे मला त्या पाहण्यातून म्हणायचे होते.

बँकेला मागल्या तीस वर्षांचा शोध लागतो. तिने नोंदणी कार्यालयातील जुनी पुस्तके चाळली, तलाठ्याकडून सातबारा आणि फेरफार काढले, आणि दहा दिवसांनी मला पुन्हा बोलावले. टेबलावर पंच्याण्णव सालचा फेरफार होता. काशीराम मयत, वारस, मुलगा एक. खाली माझी सही. चव्वेचाळिसाव्या वर्षीचे माझे अक्षर किती डौलदार होते.

आई बाबांच्या आधी गेली होती का, असे तिने विचारले. मी हो म्हणालो. बाबांना मुले किती, हा तिचा पुढचा प्रश्न होता. मी सरळ उत्तर दिले नाही. मी विचारले, "समजा, एखाद्याने देवासमोर उदक सोडून आपला भाग दिला असेल, तर?"

"तोंडी?"

"विधिपूर्वक."

"काका, विधी देवाला पोचत असेल. बँकेला नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र लागतं. आपल्याकडे बहिणी सही करून साडी घेऊन घरी जातात. म्हणून मी सगळ्यांना विचारते. आहे का कोणी?"

"नाही," मी म्हणालो.

इतके सोपे होते ते. पंख्याचा आवाज चालू होता, खाली एसटीचा कोणी वाहक उरण उरण असे ओरडत होता, आणि मी नाही म्हणालो.

मग तिने प्रतिज्ञापत्राचा मसुदा करवून घेतला. त्यात लिहिले होते की, मी महादेव काशीराम घरत, वय वर्षे चौऱ्याहत्तर, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की कै. काशीराम यांचा मी एकमेव वारस असून त्यांना माझ्याखेरीज अन्य अपत्य नाही व नव्हते. टंकलेखकाने 'सत्यप्रतिज्ञेवर' या शब्दात चूक केली होती. मी ती दुरुस्त करून घेतली आणि मग सही केली. त्याच आठवड्यात मंदिरात चातुर्मासाच्या समाप्तीनिमित्त 'अस्तेय' या विषयावर माझी तीन निरूपणे झाली. चोरी म्हणजे केवळ दुसऱ्याची वस्तू उचलणे नव्हे, असे मी सांगितले. श्रोत्यांनी माना डोलावल्या.

परतताना दीपेशने रिक्षात एवढेच विचारले, "बाबा, आणि आत्या?" मी म्हणालो, तिने आपला भाग केव्हाच सोडला आहे. त्याने ते मानले. त्याला दोष देऊ नकोस. त्याला गाळा हवा होता आणि बापावर विश्वास ठेवणे सोयीचे होते.

कार्तिकी एकादशीनंतर लगेच रंजिताने वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली. कोणाचा हक्क वा हरकत असल्यास चौदा दिवसांत लेखी कळवावी, अन्यथा वरील व्यक्तीच एकमेव वारस आहे असे समजून बँक पुढील व्यवहार करील. ती मनस्वीने तुला वाचून दाखवली असे दीपेश म्हणतो. मी ते दिवस जपाच्या मण्यांसारखे मोजले. बाराव्या दिवशी तू पनवेलला आलीस. तेराव्या दिवशी मला बोलावणे आले.

तू त्या जिन्याने कशी चढलीस, तिथे किती वेळ बसलीस, पाणी घेतलेस की नाही, हे मला ठाऊक नाही. रंजिताने जे सांगितले तेवढेच लिहितो. उरणहून एक आजी नातीला घेऊन आल्या होत्या. हरकत नोंदवायची आहे का, असे तिने विचारले. तू मान हलवलीस. "तुम्ही यांच्या कोण?" असे विचारल्यावर तू म्हणालीस, "कोन नाय. पेपरात छापलाय ता खरा हाय. त्याला बहीन नाय. माझी हरकत नाय, असा लिवा." तिने तसे लिहिले. खाली तू स्वतःच्या हाताने भीमाबाई दादू पाटील अशी सही केलीस.

हे सांगून रंजिताने कागद माझ्यापुढे सरकवला. "काका, हरकत घ्यायला माणसं येतात. हरकत नाही हे सांगायला उरणहून तिकीट काढून कोणी येत नाही. मी अहवालावर अजून सही केलेली नाही. चोवीस तारखेला सोमवार आहे, त्या दिवशी तो बँकेत जाईल. तोवर तुम्हाला काही आठवलं तर या."

तुला वाटेल की त्या क्षणी मी लज्जेने खाली पाहिले असेन. तसे झाले नाही. मला प्रथम तुझाच राग आला. परक्या मुलीसमोर मला उघडे करायला ही इतक्या लांब आली, औदार्य दाखवायला आली, असे माझ्या मनात आले. घरी येईपर्यंत तोच राग धरून होतो, आणि त्याच रागात ते सगळे दीपेशला सांगितले. रात्री जेवणाचे ताट पुढे आले तेव्हा तुझे वाक्य पुन्हा ऐकू आले, आणि लक्षात आले की तू माझ्यावर काहीही आरोप केलेला नाहीस. मी शपथेवर जे लिहून दिले, त्याला तू फक्त मान्यता दिलीस.

आता त्या दिवसाकडे जावयाचे. परंतु मध्ये आणखी एक दिवस आडवा येतो आणि तो ओलांडून मला पुढे जाता येत नाही.

दोन हजार सहा सालचा वैशाख. तुझे यजमान दादू यांचे मूत्रपिंड निकामी झाले होते आणि त्यांना आठवड्यातून दोनदा पनवेलच्या रुग्णालयात आणावे लागे. तू आलीस आणि मागची खोली चार महिन्यांसाठी मागितलीस. मागितलीस असे मी म्हणतो, पण तुझा सूर मागण्याचा नव्हता. बापाच्या घरी लेक जशी येते तशी तू आली होतीस. हातात वांग्यांची पिशवी होती, ती तू सरळ आत नेऊन ठेवलीस. त्या खोलीत माझी पुस्तके होती. मी म्हणालो की तू देवासमोर पाणी सोडून या घरातला भाग दिला आहेस, आता येथे राहण्याचा विषय नको. तू म्हणालीस, "दादूस, ता पानी बाबांसाठी होता ना?"

मी म्हणालो, "दोन्हींसाठी."

तू तशीच निघालीस. पिशवी तशीच राहिली. दादू भाद्रपदात गेले. मी बाराव्याला आलो, तुझ्या ओसरीवर अर्धा तास बसलो, चहा घेतला आणि परत आलो. त्या वर्षीच्या भाऊबीजेपासून माझ्या पाटासमोर कोणी आले नाही. लोक विचारत, तर मी सांगे की तिला आता प्रवास झेपत नाही. खोलीतली पुस्तके पुढे वाळवीने खाल्ली. हे लिहिताना मला कसला तरी हिशेब चुकता झाल्यासारखे वाटते. तेही वाटू नये अशी माझी योग्यता आहे.

आता ते पान.

बाबा माघात गेले. तेराव्याला भटजी जेवून, दक्षिणा घेऊन निघून गेले. पाहुणे ओसरीवर पान जमवीत होते. मी तुला देवघरात बोलावले आणि सांगितले, बाबांच्या शांतीसाठी एक विधी राहिला आहे, तो लेकीने करायचा असतो. असा विधी कोणत्याही ग्रंथात नाही. तू पदर खोचून बसलीस. माझ्या उजव्या तळहातावर तुळशीपत्र ठेवले, खाली ताम्हण धरले, तुझ्या हाती पळी दिली, आणि बाबांच्या वतीने मी ग्रहण करतो असे तुला सांगितले. तू पाणी सोडू लागलीस आणि मी संस्कृतात बोलू लागलो. तुझे डोळे मिटलेले होते व त्यांतून पाणी येत होते.

ते शब्द त्या घटकेला सुचलेले नव्हते. दोन दिवस आधी मी ते वहीत लिहिले होते, विभक्ती तपासल्या होत्या, एक वाक्य खोडून नव्याने जुळवले होते. ती वही अजून माझ्याकडे आहे. तिच्यात पाहून हे मराठी करतो. एकही शब्द गाळलेला नाही.

'आज भाव नाम संवत्सरी, माघ मासी, वद्य पक्षी, तृतीया तिथीस, काशीरामाची कन्या मी भीमा, पित्याच्या घरात, भूमीत आणि सर्व वस्तूंत माझा जो भाग आहे, आणि पुढे जो होईल, तो सर्वच्या सर्व, पूर्ण जाणून, स्वसंतोषाने, कोणाच्याही आग्रहावाचून, कोणतेही फळ न इच्छिता, माझा ज्येष्ठ बंधू महादेव यास देते. यानंतर तो माझा नाही.'

शेवटचे वाक्य, 'तो माझा नाही' या अर्थाचे दोन लहान शब्द, मी तुझ्याकडून तीन वेळा म्हणवून घेतले. तुझा उच्चार शुद्ध होता. तिसऱ्यांदा म्हटल्यावर तू डोळे उघडून विचारलेस, याचा अर्थ काय. मी म्हणालो, बाबांना शांती मिळो.

एवढेच ते आहे.

'पूर्ण जाणून' हे शब्द वहीत घालताना माझा हात अडखळला नाही. उलट वाक्य भरीव झाले याचे समाधान वाटले. देणाऱ्याला जे ठाऊक नाही ते त्याने दिले असे होत नाही, आणि असे घेतलेले दान घेणाऱ्याच्या माथी चोरी म्हणून बसते, हे धर्मशास्त्र मला तेव्हाही येत होते. मग तो विधी मी कोणासाठी केला? तलाठ्याला त्याची गरज नव्हती. त्याला मी नुसते 'मुलगा एक' असे सांगितले आणि त्याने लिहून घेतले. तुला तर त्यातले काही कळणार नव्हते. तो मी माझ्यासाठी केला. पुढे कधी मनाने विचारलेच, तर देवासमोर घेतले असे मला मनाला सांगता यावे, म्हणून.

दीपेशने विचारले, आत्याकडे सरळ मागितलं का नाहीत. याचे उत्तर मी त्याला दिले नाही, तुला देतो. मी मागितले असते तर तू दिले असतेस. त्याच क्षणी, हसत, कदाचित माझी थट्टा करीत दिले असतेस. आणि मग ते तुझे देणे झाले असते. तू चौथीत शाळा सोडलीस आणि आईबरोबर मिठागरावर जाऊ लागलीस, तेव्हा मी पाठशाळेत शब्द घोकत होतो. तुझ्या पायांना मिठाने चिरा पडत, त्यांत तू रात्री तेल भरीत असायचीस, आणि मी दिव्याजवळची जागा अडवून बसायचो. तुझ्या मजुरीतून माझे शुल्क जात असे, हे घरात कधी कोणी बोलून दाखवले नाही. तूही नाही. त्यावर आणखी एक उपकार, तोही मागून घेतलेला, मला पेलवला नसता. तुझ्या श्रमावर जी भाषा शिकलो, तिच्याच आडोशाने तुझा भाग काढून घेतला. गावात मला सगळे ज्ञानी म्हणतात. त्यांच्यापैकी कोणालाही हे ठाऊक नाही.

काल अमावास्या होती. सकाळीच रंजिताकडे गेलो आणि सांगितले की मला बहीण आहे. तिने आश्चर्य दाखवले नाही. वही उघडून नाव, वय, गाव लिहून घेतले. मी विधीचेही सांगितले. ते ऐकून ती म्हणाली, "मीही माझ्या भावाला सही देऊन टाकली आहे, काका. पण वाचून दिली."

मग तिने पुढचे सांगितले. सोमवारच्या अहवालात वारस दोन असतील. तुझ्या सहीवाचून बँक या घरावर कर्ज देणार नाही. माझे प्रतिज्ञापत्र तिने अजून बँकेकडे पाठवले नव्हते, म्हणून ते तिने मला परत दिले. दिले तेव्हा चिमटीत धरून दिले. तुझ्याविषयी विचारले असता म्हणाली, "मी त्यांची पण वकील नाही. त्यांनी सही करायची असेल तर स्वतःच्या वकिलाला विचारून करावी. आणि तो वकील तुम्ही शोधून देऊ नका."

दीपेशला काल संध्याकाळी सांगितले. तो चपलांपाशीच उभा राहिला. "तीस वर्षं थांबलात ना बाबा," तो म्हणाला, "अजून चार दिवस थांबायचं होतं. आत्या सही करणारच होती." नंतर तो जेवला नाही. गाळ्याचा मालक मंगळवारपर्यंत थांबेल, पुढे नाही. माझ्या मुलाचे बारा वर्षांचे स्वप्न मी मोडले की मोडले नाही, हे आता तुझ्या हाती आहे, आणि ते तुझ्या हाती असावे हाही पुन्हा तुझ्यावर माझाच अन्याय.

पत्र लिहिण्याआधी रंजिताकडे गेलो, त्याचे कारण तुला सांगावयास हवे. आधी पत्र लिहिले असते तर तुझी सही येईपर्यंत मी गप्प बसलो असतो, आणि सही आल्यावर सत्य सांगण्याची गरजच उरली नसती. मी स्वतःला इतका ओळखतो. हे पान म्हणजे तुझ्याकडून तोच भाग घेण्याचा माझा तिसरा प्रयत्न ठरला असता. एकदा संस्कृतात घेतला, एकदा शपथेवर घेतला. मराठीत तरी घेऊ नये.

म्हणून स्पष्ट लिहितो. तुझी अट मी पुरी केली. तिच्या बदल्यात सही मागत नाही. तुझा स्वभाव मला माहीत आहे; हे वाचून होताच तू मनस्वीला पेन आणायला सांगशील. तसे करू नकोस. दीपेशवर माया आहे म्हणून करू नकोस, मी म्हातारा झालो म्हणून तर मुळीच नको. मनस्वीला बरोबर घे, उरणमध्ये तुमच्या ओळखीचा, माझे नाव न ऐकलेला वकील पाहा, आणि हे पत्र त्याच्यापुढे ठेव. त्याने अर्धे घर मागायला सांगितले तर मागावेस. मी हरकत घेणार नाही. तुझ्या मालकीच्या खोलीत तू येऊन राहिलीस तर दार नीता उघडेल. मी पुढे होणार नाही.

सोबत ते प्रतिज्ञापत्र जोडले आहे, मूळ प्रत. तुला बहीण म्हणून नाकारणारा कागद माझ्या घरी राहू नये, तुझ्याकडे असावा. खोटी शपथ घेणे हा अपराध आहे, हे तुझा वकील सांगेल. त्याचे काय करावयाचे ते तू ठरव. मनस्वीकडून हे पत्र वाचून घेणार असशील तर घे. तिने ऐकावे, असे मला वाटते. तिच्याही घरी कधी कोणी काही कागद तिच्यापुढे ठेवील.

क्षमा मागत नाही. क्षमाही देणेच असते, आणि तुझ्याकडून मी पुष्कळ घेतले. पत्राखाली तुझा दादूस असे लिहावयास हात पुढे झाला होता, तो मागे घेतला. कागदावर जे खरे ठरते, तेवढेच खाली लिहितो.

महादेव काशीराम घरत,
कै. काशीराम यांच्या दोन वारसांपैकी एक